बाबा जाऊन राहिले

वर्षातून तीन-चारदा तरी नागपुरातली कुठली ना कुठली शाळा मला बोलावते. शाल, श्रीफळ, आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं 'अंतराळ शास्त्रज्ञ'. मुलं विचारतात, सर, तुम्ही रॉकेट बनवलं का? मी खरं ते सांगतो, की नाही बनवलं. रॉकेट बनवणारे वेगळे, सोडणारे वेगळे. मी बत्तीस वर्षं वर गेलेल्या उपग्रहांशी बोलायचं काम केलं. त्यांना निरोप पाठवायचा, त्यांचा निरोप घ्यायचा. हे ऐकून मुख्याध्यापकांचा चेहरा पडतो. शास्त्रज्ञ म्हणून बोलावला आणि टेलिफोन ऑपरेटर निघाला, असं त्यांना वाटत असावं. मग मी जिद्द, चिकाटी, मोठी स्वप्नं वगैरे सगळं बोलून टाकतो आणि चहा घेऊन धरमपेठेतल्या फ्लॅटवर परत येतो. फ्लॅटवर कोणी नसतं. बायकोला जाऊन वर्ष झालं.

मागच्या महिन्यात एका शाळेत विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, सर, तुमच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा बिघाड कोणता? मी एका उपग्रहाची अँटेनाची तबकडी उलगडताना अर्ध्यात अडकली होती त्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट चांगली आहे, शेवटी तबकडी उलगडते आणि मुलं टाळ्या वाजवतात. खरं उत्तर मला त्याच्या दोनच आठवडे आधी, उमरेडला बहिणीच्या घरी मिळालं होतं. ते शाळेत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

मला एकच बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती उमरेडला शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त झाली. आमचे वडील वारले तेव्हापासून अकरा वर्षं ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं आणि माझ्या बायकोशी अजिबात बोलत नव्हती. कारण तिने कधी सांगितलं नाही. बायको मला दहा वर्षं विचारत राहिली, "माझं काय चुकलं?" आजारपणात, शेवटच्या दिवसांत, तिने दुसरं काही मागितलं नाही. म्हणाली, "मी असताना नाही तर नंतर तरी, पण एकदा जाऊन विचार. माझं काय चुकलं ते मला कळलंच नाही." मी हो म्हणालो. आणि वर्षभर गेलो नाही, हेही लिहून टाकतो.

आमचं घर नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतलं. आजोबांनी छप्पन साली याच शहरात दीक्षा घेतली, आणि त्यानंतर घरात दोनच गोष्टींना मान राहिला, वंदना आणि वह्या-पुस्तकं. वडील गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात कापड मोजायला होते. उभं आयुष्य लोखंडी मीटर हातात धरून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. बोलणं कमी. मी कर्नाटकातल्या ज्या लहान शहरात नोकरी केली तिथे ते एकदा आले, आमच्या केंद्रातल्या त्या अवाढव्य तबकडीकडे दुरून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या परातीत शिजवता काय गा तुम्ही?" मी म्हणालो, बोलतो. ते म्हणाले, "मंग आमच्यासंगं काहून नाही बोलत?" सगळे हसले. मीही हसलो.

आता त्या बोलण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावर आहे. उपग्रहाला कुठलीही आज्ञा एकदम देत नाहीत. आज्ञा पाठवायची, म्हणजे ती फक्त त्याच्याकडे पोहोचते. तो ती जशीच्या तशी आपल्याला परत ऐकवतो. आपण पाठवलेलं आणि त्याने ऐकलेलं अक्षर न् अक्षर जुळलं, की मगच दुसरी खूण पाठवायची, 'कर'. तोवर तो काहीही करत नाही. शिवाय आज्ञा लिहिणाऱ्याने स्वतः ती जुळवायची नाही, शेजारच्याने जुळवायची. कारण लिहिणाऱ्याला जे यायला हवं असतं तेच दिसतं. मी या बाबतीत कडक म्हणून बदनाम होतो. शेजारचा नुसता 'हो, बरोबर' म्हणाला तर मी चिडायचो. 'बरोबर म्हणू नका, वाचून दाखवा,' हे माझं वाक्य तिथे माझी नक्कल करताना वापरत. आम्ही असे हजारो निरोप पाठवले. माझ्या पाळीत एकही चुकीचा गेला नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली एक गोष्ट आहे. एक उपग्रह आमच्या क्षितिजावर येणार होता आणि मी पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. आकडे हलायला लागले तसा मी शेजारच्या पुण्याच्या सहकाऱ्याला ओरडून म्हणालो, "सिग्नल येऊन रायला!" आमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे, सिग्नल येतो आहे. त्याने भुवया वर केल्या आणि म्हणाला, "येऊन राहिला? कुठे, लॉजवर?" मराठी कळणारे चौघे-पाचजण होते, ते सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या मराठीत 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि मुक्काम केला. तो बरोबर होता आणि मीही बरोबर होतो. पण कान तापायचे ते तापलेच. कुठल्या गावचा, कुठल्या वस्तीतला, कुणाचा, हे सगळं त्या एका 'रायला'मधून बाहेर पडल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. 'मले-तुले' आधीच गेलं होतं. महिन्याभरात मी असं मराठी बोलायला लागलो, की नवे लोक विचारायचे, तुम्ही पुण्यात कुठले?

बायको खरोखरच पुण्याची. आमच्याच केंद्रातल्या ग्रंथालयात होती. जात वेगळी. तिच्या घरच्यांनी दोन वर्षं अबोला धरला, माझ्या घरच्यांनी धरला नाही, पण ते बिचकले. मी तिला माझं बोलणं कधी ऐकवलंच नाही. लॉजचा किस्सासुद्धा सांगितला नाही. लाज वाटायची. हसून सांगता आला असता आणि तिलाही हसू आलं असतं, आणि एका मिनिटात तिला कायमचं कळलं असतं, की आमच्याकडे 'राहिले' म्हणजे काय. आज मला त्या एका मिनिटाचं काय करावं ते समजत नाही.

वर्षातून आठ-दहा दिवस आम्ही नागपूरला यायचो. ती घरात शिरली की सगळ्यांची जीभ सावध व्हायची. वडील आधीच कमी बोलत, ते आणखी कमी बोलत. बहीण मराठीची शिक्षिका, ती वहिनीशी अगदी पाठ्यपुस्तकातलं बोलायची, 'आपण जेवून घ्या', 'मी चहा ठेवते आहे'. बायको मला म्हणायची, तुझी बहीण माझ्याशी इतकी परक्यासारखी का बोलते? मी म्हणायचो, शाळामास्तरीण आहे, सवय आहे. तिच्या कानावर स्वयंपाकघरातून, अंगणातून आमचं बोलणं पडत असणारच. पण ते दुसऱ्यांचं दुसऱ्यांशी चाललेलं बोलणं. 'ले' तिला लगेच ऐकू यायचं, त्याची तिला गंमत वाटायची. 'राहिले' हा शब्द तिच्याकडेही होता, त्यामुळे तो वेगळा आहे हे तिला कधी दिसलंच नाही.

आईनंतर वडील इंदोऱ्याच्या घरात एकटे होते. शेवटच्या वर्षी फार थकले. बहीण दर शनिवारी उमरेडहून एसटीने यायची, डबे भरून ठेवायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. तिने किती विनवलं, माझ्याकडे येऊन राहा. ते एकच म्हणत, "माह्यं घर सोडून काहून येऊ?" बायको दर रविवारी फोनवर बहिणीशी बोलायची, तेव्हा दोघी हेच बोलायच्या. मला अजून बायकोचा आवाज ऐकू येतो, "बाबा तुमच्याकडे जाऊन राहिले तर किती बरं होईल हो." जाऊन राहिले तर. हेच शब्द, तिच्या मराठीतले.

त्याच वर्षी एक नवा उपग्रह वर जाऊन चार दिवस झाले होते. रॉकेट त्याला लांबट कक्षेत सोडून देतं, मग त्याचंच इंजिन तीन टप्प्यांत चालवून आम्ही त्याला त्याच्या जागेवर नेतो. त्या दिवशी दुपारी दुसरा टप्पा होता. आम्ही मोबाइल फाटकाजवळच्या लॉकरमध्ये ठेवून आत जात असू आणि अशा दिवसांत तिथेच झोपत असू. जेवायच्या सुट्टीत मी आतल्या टेलिफोनवरून घरी फोन केला. बायको खुशीत होती. म्हणाली, "एक चांगली बातमी. बाबा गेले एकदाचे उमरेडला राहायला. सकाळी वन्संचा फोन आला होता."

मला काय वाटलं ते मला स्पष्ट आठवतं. छातीवरचा दगड उतरला. मी जेवणात दोनदा भात घेतला. दुपारी इंजिन पेटलं, ठरल्या वेळेला बंद झालं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मी दोन पेढे खाल्ले. मी इतका हलका होतो, की शेजारच्याने आज्ञा वाचून दाखवताना एक ओळ पुटपुटली तरी मी चिडलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आलो, लॉकरमधून मोबाइल काढला. जावयांचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा निरोप होता. बाबा काल संध्याकाळी गेले, आज अकराला नेणार आहोत. तेव्हा दोन वाजले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरात चटया अंथरलेल्या होत्या आणि शेजारचे लोक बसून होते. वडील त्यांच्या स्वतःच्या खाटेवर गेले होते, इंदोऱ्यातच. मी मनात जुळवून टाकलं, उमरेडला नेलं असेल, तिथे करमलं नसेल, लगेच परत आणलं असेल, आणि त्या दगदगीत गेले. मी असं का ठरवलं? एका आकड्यात दशांशाचा फरक पडला तर त्याचं मूळ शोधायला मी वीस वीस दिवस घातलेले आहेत. आणि इथे माझा बाप ज्या गावी होता असं मला सांगितलं गेलं त्या गावी तो नव्हताच, तरी मी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. बहीण बोलत नव्हती, मी उशिरा आलो होतो, तिला राग आला होता, एवढं कारण मला पुरेसं वाटलं. खरं तर आणखी काही निघेल याची मला भीती होती.

बायकोने बहिणीच्या दंडावर हात ठेवला. बहिणीने तो हात उचलून बाजूला केला, जोरात नाही, ताटातला खडा उचलून बाजूला ठेवावा तसा. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीत भंतेजींची वंदना झाल्यावर जेवणं झाली, तेव्हाही ती वहिनीच्या पंगतीला बसली नाही. परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "तिचा राग तुझ्यावर नाही. माझ्यावर आहे." मी म्हणालो, "तुझ्यावर कशाला असेल? तू काय केलंस?" आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढे बायको फोन करायची. बहीण उचलायची नाही. पत्रं लिहिली, उत्तर नाही. एकदा तिच्यासाठी घेतलेली साडी पाकीटसुद्धा न फोडता परत आली. बायकोचा एक समज झाला होता आणि तो मी कधी पुरता खोडून काढला नाही, की ही जातीची गोष्ट आहे, तुझ्या बहिणीने मला मनातून कधी आपली मानलीच नाही. निवृत्तीनंतर नागपूरला येऊन राहायचं हे तिनेच ठरवलं. म्हणाली, जवळ राहिलो तर कधीतरी बोलेल. चार वर्षं आम्ही एका तासाच्या अंतरावर राहिलो. तिच्या शेवटच्या प्रवासाला बहीण आली, मागे उभी राहिली आणि कुणाशी न बोलता गेली.

उमरेडला गेलो तो सोमवार होता. आधी कळवलं नव्हतं, कळवलं असतं तर ती शेजाऱ्यांकडे जाऊन बसली असती. जावयांनी दार उघडलं. ते कोळशाच्या खाणीत होते, आता कमी ऐकू येतं, माणूस गरीब स्वभावाचा. त्यांनीच चहा केला. बहीण समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. मी प्रास्ताविक वगैरे काही केलं नाही. म्हणालो, "तिने मरताना विचारलं होतं, माझं काय चुकलं. ते विचारायला आलो."

"तुले माहीत नाही?"

"नाही."

"खोटं नको बोलू, दादा."

मी म्हणालो, मला खरंच माहीत नाही. मग ती वर्गात धडा वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात सांगायला लागली. रडत वगैरे नाही. ती कधीच रडत नाही, विजेचं बिल आणि वाईट बातमी एकाच आवाजात वाचते.

"सकाळी दहाच्या टायमाले फोन केला म्या. तुह्या मोबाइल बंद. मंग घरच्या फोनवर केला. वहिनीनं उचलला. म्या सांगतलं तिले. तं म्हणते कशी," आणि इथे तिने आवाज बदलला, हुबेहूब माझ्या बायकोचा केला, "'बरं झालं बाई! किती दिवस वाट पाहत होतो आपण. एकदाची काळजी मिटली. यांना सांगते, खूश होतील.' म्या फोन ठेवून देला."

जावई जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "अजून कानात हाय. खूश होतील. बाप मरून रायला अन् पोरगा खूश होईल म्हणते."

काही तरी ऐकू आलं होतं, पण काय ते नीट कळत नव्हतं. मी म्हणालो, "तू काय सांगितलंस तिला? शब्द कोणते होते? जसेच्या तसे सांग."

"काय फरक पडते?"

"जसेच्या तसे सांग."

ती चिडली. "काय सांगन! म्हटलं, वहिनी, बाबा जाऊन रायले. दादाले सांगा."

बत्तीस वर्षं मी लोकांना वाक्य परत वाचायला लावलं, आणि हे एक वाक्य अकरा वर्षांनी वाचायला लावलं. मी डोळे मिटून घेतले. बायकोने मला वाक्य दिलं नव्हतं, तिला लागलेला अर्थ दिला होता. ते तीन शब्द जरी तिने मला तसेच सांगितले असते तरी मी त्याच घटकेला निघालो असतो. बाबा जात आहेत, अजून आहेत, हे ऐकून नागपूरचं कुठलंही माणूस निघालं असतं.

"तिला वाटलं, बाबा तुझ्याकडे गेले," मी म्हणालो. "तुझ्याकडे राहायला गेले. उमरेडला. जाऊन... राहिले."

बहिणीला पुढे काही सांगावं लागलं नाही. तिने तो शब्द दोनदा म्हटला. एकदा, "रायले." आणि मग, शाळेतल्या आवाजात, "राहिले." तिची हाताची घडी सुटली आणि हात मांडीवर नुसते पडून राहिले.

ती म्हणाली, "तीस वर्सं पोराइच्या वह्यांत हेच तर काटत होती म्या. 'करून राहिलो' काटायचं, 'करत आहे' लिहायचं. लाल पेनानं." मग म्हणाली, "वहिनीसंगं म्या जिंदगीभर पुस्तकातलं बोलली, दादा. त्या दिवशी ध्यानातच आलं नाही. बाबा समोर असे पडून, आपली भाषा आपोआप निंघून आली. पहिल्यांदा तिच्यासंगं घरच्यावानी बोलली म्या."

मी विचारलं, बाबा काही बोलले का. अकरा वर्षांत हेही मी विचारलं नव्हतं.

"दुपारभर एकच विचारत होते. येऊन रायला का तो? म्या म्हटलं, येऊन रायला, बाबा, गाडीत बसला. खोटंच सांगतलं. समाधान झालं त्यायचं. मंग विचारलं नाही."

दुपारभर. म्हणजे आम्ही पेढे खात होतो तेव्हा.

जावई आत गेले आणि भांड्यांचा आवाज करत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सुटेल. वाईटातलं वाईट ऐकून झालं, बायकोचं काही चुकलं नव्हतं हे दोघांनाही कळलं, आता निदान आम्ही दोघं मिळून तिच्यासाठी रडू. मी म्हणालोही तसं, "तिचं काही चुकलं नव्हतं गं."

"नाही," बहीण म्हणाली. "वहिनीचं काहीच चुकलं नाही. किती फोन केले बिचारीनं. साडी धाडली. म्या उघडून नाही पाहिली. कोणत्या रंगाची होती वं माय, तेही मले माहीत नाही." मग तिने मान वर केली. "पण तू सांग मले. तीस वर्सं तिच्यासंगं संसार केला तुनं. एकदाही नाही म्हटलं घरात? मी जेवून रायलो. मी येऊन रायलो. एकदाही?"

"नाही."

"काहून?"

मी तिला लॉजची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली. सांगताना ती फार लहान वाटली. चार-पाच माणसं एकदा हसली होती. त्यातल्या दोघांची तोंडंही मला आता आठवत नाहीत.

बहीण हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तुले माहीत होतं. पुण्याच्या माणसाले हे असं ऐकू येते, हे तुले एकट्याले माहीत होतं. मले नव्हतं, वहिनीले नव्हतं. तुले होतं."

मला बायकोला सोडवायचं होतं, ती सुटली. त्या जागी कोणीतरी लागणार होतं, हे उमरेडच्या गाडीत बसताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उठताना मी म्हणालो, येत जाऊ का? ती दारापर्यंत आली. वाईट तोंडाने नाही, थकलेल्या तोंडाने म्हणाली, "नको येजो, दादा. वहिनी असती तं पाय धरले असते तिचे. ती नाही. तू हाय, अन् तुह्यासंगं बोलाले मले काही उरलं नाही." दार तिने हळूच लावलं.

बसस्थानकावर ऊन होतं. बाकावर एक म्हातारी होती, मोठी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली, मिनिटा-मिनिटाला उठून रस्त्याकडे बघणारी. मी शेजारी बसलो. तिने मला विचारलं, "नागपूरची गाडी येऊन रायली का गा?"

वळणावर लाल गाडी दिसत होती. मी म्हणालो, "येऊन रायली, माय."

जीभ अडखळली नाही. जवळपास चाळीस वर्षांनी शब्द आला आणि तो नुकताच ठेवल्यासारखा जागेवरच होता. म्हातारीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला हवं ते कळलं होतं. तिने पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला आणि निश्चिंत उभी राहिली.

एवढंच मला घरात एकदा बोलायला हवं होतं.